मामालीक : नाव नाही, चेहरा नाही, आणि सोळा वर्षांत ब्लॅक मेटलचं काय केलं या दोन भावांनी

अनघड

इथे मेटल (जड, कर्कश गिटारींचं रॉक; ब्लॅक मेटल ही त्याचीच एक काळोखी शाखा) ऐकणारी बरीच मंडळी दडून बसली आहेत हे मागच्या एका धाग्यावर कळलं, म्हणून हा विषय मांडतो.

मामालीक हा दोन सख्ख्या भावांचा बँड, सॅन फ्रान्सिस्को परिसरातला, २००८ चा. भावांनी आजवर स्वतःची नावं जाहीर केलेली नाहीत. पहिल्याच वर्षी दोन अल्बम आपले आपणच काढले, 'मामालीक' आणि 'फीवर ड्रीम'. २०११ ला एनिमीज लिस्ट या छोट्या लेबलवर 'कुर्डाइचा' आला. मग द फ्लेन्सर या लेबलकडे गेले ते तिथेच रमले : 'ही नेव्हर सेड अ मंब्लिन वर्ड' (२०१४), 'व्हिया डोलोरोसा' (२०१५), 'आउट ऑफ टाइम' (२०१८), 'कम अँड सी' (२०२०), 'डायनर कॉफी' (२०२२) आणि 'वायडा ब्लू' (२०२४). 'कम अँड सी'पासून दोघांच्या जागी पूर्ण बँड दिसायला लागला.

सुरुवातीला खरखरीत गिटारी, मशिनचे ड्रम, आणि खूप मागे ढकललेली किंकाळी. मध्येच जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा, मध्येच हिप-हॉपचा ठेका. पुढे पियानो आला, ब्लूज आला, जॅझ आला. 'डायनर कॉफी' लावून कुणाला विचारलं की हे काय आहे, तर ब्लॅक मेटल हे उत्तर शंभरात एकही देणार नाही.

माझं म्हणणं असं की हे ब्लॅक मेटलच आहे. गाण्याने ऐकणाऱ्याला बरं वाटावं अशी जबाबदारी घ्यायचीच नाही, आणि तरी त्याला सोडायचंही नाही, हा या संगीताचा गाभा. तो या दोघांनी एकदाही टाकला नाही. माझे मित्र म्हणतात २०१४ नंतर त्यांचा ब्लॅक मेटलशी संबंध संपला. तुम्हाला काय वाटतं?

आणि दुसरा प्रश्न. माझी मोठी बहीण शास्त्रीय ऐकते, सवाई चुकवत नाही. ती म्हणाली, "तू इतकं बोलतोस त्यांच्याबद्दल तर एक काहीतरी ऐकव." काय ऐकवू?

चिमण्यागणपती

दोन भाऊ आणि संगीत म्हटल्यावर मला अजय-अतुलच आठवले. पुणेकर आहे, माफ करा. वाचतोय.

नादखुळा

नावं सांगत नाहीत यात विशेष ते काय? या धाग्यावर तरी कुणी सांगितलंय? (हलकेच घ्या.)

खडकमाळ

अनघड, लिहिलंय छान, पण साफ असहमत.

ब्लॅक मेटलला व्याख्या आहे. नाव व्हेनम या बँडच्या १९८२ च्या 'ब्लॅक मेटल' अल्बमवरून आलं, पण आज आपण ज्याला ब्लॅक मेटल म्हणतो तो आवाज नॉर्वेच्या पोरांनी १९९० च्या आसपास घडवला. तारेवर अखंड थरथरणारी पिक, तिच्यातून निघणारी लांबलचक सुरावट, खाली ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा सुसाट भडिमार, वर घशातून फाटलेला आवाज, आणि मुद्दाम गरीब ठेवलेलं रेकॉर्डिंग. या गोष्टी काढून घेतल्यावर जे उरतं ते कदाचित उत्तम संगीत असेल, पण त्याला दुसरं नाव द्या.

आमच्या काळी हे सगळं कॅसेटवरून कॅसेटवर यायचं. रॉक स्ट्रीट जर्नल मासिकात एखादं नाव वाचायचं, मुंबईला इंडिपेंडन्स रॉकच्या जलशाला रंगभवनवर गेलो की कुणाकडे आहे का विचारायचं, आणि रविवारी जुन्या बाजारात कॅसेटचे ढीग उपसायचे. नॉर्वेच्या डार्कथ्रोन बँडचा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' (१९९४) मला असाच मिळाला. कितवी कॉपी होती देव जाणे. वर निळ्या शाईने नाव, तेही चुकीच्या स्पेलिंगचं. टेपची खरखर कुठे संपते आणि गिटार कुठे सुरू होते हे कळायचं नाही. नंतर मूळ सीडी ऐकली तर ती पण जवळपास तशीच! फेन्रिझने सगळी वाद्यं एकट्याने, घरच्या चार ट्रॅकच्या मशिनवर वाजवून ठेवली आणि नॉक्टर्नो कल्टोने त्यावर आवाज दिला. दोन माणसांचं ब्लॅक मेटल बघायचं तर ते बघा. १९९३ पासून दोघंच आहेत आणि अजून वाजवतायत.

अनघड

खडकमाळ काका, डार्कथ्रोन माझ्याही देव्हाऱ्यात आहेत. पण तेच उदाहरण माझ्या बाजूने जातं की! त्यांचा पहिला अल्बम 'सोलसाइड जर्नी' (१९९१) चक्क डेथ मेटल, म्हणजे मेटलची वेगळीच शाखा. पुढच्याच वर्षी 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय' केला तेव्हा त्यांच्याच लेबलला तो पचला नव्हता. मग २००६ च्या 'द कल्ट इज अलाइव्ह'पासून पंक आणि जुनं हेवी मेटल शिरलं. तेव्हाही लोक म्हणालेच की हे काही ब्लॅक मेटल नाही. आणि तुम्ही आज त्यांना त्याच पंगतीत बसवता आहात ना? मग एकाला सूट आणि दुसऱ्याला नाही, असं का?

खडकमाळ

डार्कथ्रोन बदलले ते मेटलच्याच घरात. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. तुझे भाऊ घराबाहेर पडले.

मुळाकाठ

अवांतर : डार्कथ्रोनचा फेन्रिझ नॉर्वेतल्या कोल्बोटन गावच्या नगर परिषदेवर बदली सदस्य म्हणून निवडून आला होता, माहीत आहे का? २०१६ मध्ये बातमी गाजली होती. पोस्टरवर हातात मांजर घेतलेला फोटो आणि वर विनंती, की कृपया मला मत देऊ नका. लोकांनी दिलं.

चिमण्यागणपती

हे आमच्या वॉर्डात कुणीतरी कळवा रे. इथे प्रत्येक चौकात 'भावी नगरसेवक', आणि मांजर एकाही फ्लेक्सवर नाही.

नादखुळा

+१. मांजर असतं तर मी पण दिलं असतं.

रेवा_डहाणूकर

मी ध्वनिमुद्रणाचं काम करते, त्यामुळे माझा रस थोडा वेगळा आहे. दोनच माणसं असली की गाणं बांधण्याची रीतच बदलते, हे इथे कुणी बोललं नाही.

चार-पाच जण एका खोलीत वाजवतात तेव्हा प्रत्येकाला आपापली जागा लागते, आणि गाण्याचा आकार त्या वाटाघाटीतून ठरतो. दोघांत ती भानगड नाही. बास कोण वाजवणार, ड्रम कोण वाजवणार, हे प्रश्न सोडवायला प्रत्येक जोडीने वेगळी युक्ती काढली आहे. स्वित्झर्लंडच्या बोल्झर या जोडीतला गिटारवाला दहा तारांची गिटार वाजवतो, म्हणजे बासची पोकळी तिथेच भरून निघते, आणि दोघं स्टेजवर पूर्ण बँडइतके भरीव ऐकू येतात. डार्कथ्रोननी १९९६ नंतर स्टेजच सोडलं. हंगेरीचे थाय कॅटाफाल्क, काताई आणि युहास, यांनी घरात बसून थरावर थर चढवले. युहास २०११ ला बाहेर पडला, काताई पाहुणे कलाकार बोलावत राहिला, आणि १९९८ च्या या बँडचा पहिला जाहीर कार्यक्रम थेट २०२१ ला झाला.

मामालीकचे जुने अल्बम ऐकताना मला जाणवतं की तिथे वाद्यवृंद नाहीच, मिक्सिंगचं टेबल हेच वाद्य आहे. ड्रम माणसाने वाजवल्यासारखे वाटावेत असा प्रयत्नसुद्धा नाही. एक तुकडा संपायच्या आत दुसरा त्यावर येऊन आदळतो आणि दोघांचा ताल जुळत नाही. माझ्या हाताखालच्या मुलाने असं आणून दिलं तर मी परत पाठवेन. पण पुन्हा ऐकलं की कळतं, ती न जुळणारी कड मोजून मापून तिथे ठेवली आहे.

म्हणून 'कम अँड सी'चा फरक मला फार मोठा वाटतो. तिथे पहिल्यांदा खोलीतली हवा ऐकू येते. माणसं एकमेकांकडे बघून वाजवतायत. 'ब्लॅक मेटल आहे की नाही' यापेक्षा मला हा बदल जास्त महत्त्वाचा वाटतो : दोघांनी बारा वर्षांनी दार उघडलं.

अनघड

रेवाताई, दंडवत. 'खोलीतली हवा' अगदी बरोबर.

पेठेतला_पावटा

दोघांच्या नावावरून अवांतर. आपले रामलक्ष्मण! सुरेंद्र आणि विजय पाटील, दादा कोंडक्यांच्या 'पांडू हवालदार'पासूनची जोडी. सुरेंद्र लवकर गेले, पण पाटलांनी जोडीचंच नाव शेवटपर्यंत चालवलं. अनेकांना कित्येक वर्षं पत्ताच नव्हता की हा एकच माणूस आहे.

ओवीबद्ध

मी मेटलची श्रोती नाही. धागा नावामुळे उघडला आणि अनघड यांनी दिलेल्या यादीत 'ही नेव्हर सेड अ मंब्लिन वर्ड' दिसलं म्हणून थांबले. हे तर आफ्रिकन-अमेरिकन स्पिरिच्युअल, म्हणजे गुलामांचं भक्तिगीत आहे, येशूला क्रुसावर चढवल्याचं गाणं. मग 'कुर्डाइचा'ची गाणी पाहिली. 'माय बॉडी रॉक लाँग फीवर', 'द व्हाइट मार्बल स्टोन'. ही नावं 'स्लेव्ह साँग्ज ऑफ द युनायटेड स्टेट्स' या १८६७ च्या संग्रहातली आहेत. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली १८६५ ला, म्हणजे अवघ्या दोन वर्षांनी निघालेलं पुस्तक. अ‍ॅलन, वेअर आणि ल्यूसी मॅककिम गॅरिसन या तिघांनी गाणी उतरवून घेतली. आपल्या नोटेशनमध्ये हे गाणं बसत नाही, गळ्यातली वळणं कागदावर येत नाहीत, असं संपादकांनी प्रस्तावनेत स्वच्छ लिहिलं आहे.

हे मला इतकं जवळचं का वाटलं ते सांगते. आपल्या पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं प्रचंड काम केलं. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावं. आता पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. जिथे जातं फिरवत गायलं आहे तिथलं ध्वनिमुद्रण हेडफोन लावून ऐका. आधी नुसती दगडाची घरघर येते. तिला ना सुरुवात ना सम. मग आवाज कधीतरी मध्येच आत शिरतो, घरघरीच्या वर चढत नाही, तिच्यातच राहतो. ओळीच्या शेवटी दम तुटतो तिथे जातं फिरतच असतं. दुसरी बाई तीच ओळ उचलते. चार ओव्यांनंतर लक्षात येतं की गाणारी सासरच्या जाचाबद्दल सांगते आहे, आणि ते ती माणसांना सांगत नाहीये, जात्याला सांगते आहे.

काल रात्री 'कुर्डाइचा' ऐकला. मला त्यातली किंकाळी सोसली नाही, हे खरं. पण तिच्याखालची ती घरघर मी ओळखली.

एक फरक मात्र मला सलतो. १८६७ च्या पुस्तकावर गोळा करणाऱ्यांची नावं आहेत, गाणाऱ्यांची जवळपास नाहीत. आपल्या ओव्यांच्या कामात प्रत्येक बाईचं नाव आणि गाव टिपलं गेलं. ते टिपणं हा त्या कामाचा प्राण आहे. आणि हे दोघं भाऊ ज्यांची नावं कुणी विचारलीच नाहीत त्यांची गाणी घेतात आणि आपलंही नाव लपवतात. याला काय म्हणावं, मला ठरवता येत नाही.

स्वप्ना_सहकारनगर

ओवीबद्ध, प्रतिसाद साठवून ठेवला. पुन्हा वाचणार.

खडकमाळ

ओवीबद्ध यांनी जे हळुवार विचारलं ते मी थेट विचारतो. गुलामांची गाणी घ्यायची असतील तर तुम्ही कोण आहात हे सांगा. झील अँड आर्डर हा बँड बघा. मॅन्युएल गानिएने स्पिरिच्युअल आणि ब्लॅक मेटल एकत्र केलं, 'डेव्हिल इज फाइन' २०१६ ला आला, आणि तो स्वतःच्या नावाने, चेहऱ्याने समोर उभा राहिला. लोकांनी प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली. इथे उत्तर द्यायला कुणी नाहीच.

अनघड

'कुर्डाइचा' त्याच्या पाच वर्षं आधीचा आहे, एवढं नोंदवून ठेवतो.

नाव लपवण्याबद्दल मला वेगळं वाटतं. ब्लॅक मेटलमध्ये टोपणनावाला नेहमी मिरवण्याची झाक राहिली. तोंडाला रंग, राक्षसाचं नाव, जंगलात फोटो. या दोघांनी टोपणनावसुद्धा घेतलं नाही. चेहरा दाखवणारा फोटो नाही, दंतकथा नाही, काही नाही. ज्यांची नावं पुसली गेली त्यांच्या गाण्यावर आपली सही करायची नाही, असं मी त्याकडे बघतो.

आणखी एक. या संगीताच्या इतिहासात वर्णवर्चस्वाची घाण आहे, ती आपण लपवू नये. खुद्द 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'च्या मागच्या कव्हरवर तशी ओळ छापली होती. पुढच्या आवृत्त्यांतून ती गेली आणि बँडने त्यापासून अंग काढून घेतलं, पण छापली होती हे खरं. त्याच संगीतात कुणी १८६७ चं ते पुस्तक आणून ठेवतं, यापेक्षा मोठं उत्तर मला माहीत नाही.

खडकमाळ

ती ओळ माझ्या कॅसेटवर नव्हती, पण नंतर पाहिली. तेव्हाही राग आला होता, आजही येतो. तुझा हा मुद्दा मान्य. नावाचा नाही.

ओवीबद्ध

अनघड, तुम्ही म्हणता ती शक्यता मी धरून ठेवते. पण सही न करणं हे ज्याला सही करता येते त्यालाच परवडतं.

नादखुळा

धागा बसून वाचण्यालायक झालाय. चहा टाकला.

स्वप्ना_सहकारनगर

'कम अँड सी'बद्दल थोडं. मी शहर नियोजनाची विद्यार्थिनी, त्यामुळे तो अल्बम शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीनवर आहे म्हटल्यावर लगेच ऐकला.

कॅब्रिनी-ग्रीन ही सरकारी घरांची वसाहत. १९४२ ला बैठी रो-हाऊस बांधली, मग १९५८ आणि १९६२ ला उंच इमारतींचे दोन टप्पे. ऐन भरात पंधरा हजारांच्या आसपास लोक राहायचे, बहुसंख्य कृष्णवर्णीय. शहराने देखभालीचा पैसा आखडला, लिफ्ट बंद, दिवे बंद, आणि मग तीच वसाहत गुन्हेगारीचा नमुना म्हणून देशभर दाखवली गेली. १९९५ पासून पाडायला घेतली, शेवटचा टॉवर २०११ ला पाडला. जागा शहराच्या श्रीमंत भागाला लागून होती, हे वेगळं सांगायला नको.

आम्ही सहकारनगरचे. आजी-आजोबा पानशेतचे पूरग्रस्त. १२ जुलै १९६१ ला नदीकाठची घरं गेली, मग गोखलेनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. सरकारने दिलेल्या घरात माणसं काय काय जपतात ते मी घरात पाहिलं आहे, म्हणून मला त्या अल्बममधला राग परका वाटला नाही. इमारत कोसळल्याचे आवाज वगैरे स्वस्त नाट्य त्यात नाही. लय सारखी अडखळते, जिना चढता चढता दिवे गेल्यासारखी, आणि मग तशीच चालत राहते.

माझ्यापुरतं बोलायचं तर हा त्यांचा सगळ्यात चांगला अल्बम. ब्लॅक मेटल आहे की नाही, मला देणंघेणं नाही.

बाणेरकर_७

वरचं सगळं वाचून मी पण 'डायनर कॉफी' लावली. बायको येऊन विचारून गेली की बरं वाटत नाही का. वीस मिनिटं प्रामाणिकपणे ऐकली. लोकांना यात काय दिसतं ते तुमच्या प्रतिसादांतून कळतं, गाण्यातून मला कळत नाही. वाचत राहीन.

मुळाकाठ

बाणेरकर, 'डायनर कॉफी' सकाळी ऐकायची नाही. अमेरिकेतलं डायनर म्हणजे रात्रभर उघडं असणारं साधं खानावळवजा हॉटेल. आपल्याकडे पहाटे तीनला स्टेशनबाहेर चहाच्या गाडीभोवती जी माणसं उभी असतात ना, घरी जायची घाई नसलेली, तसलं गिऱ्हाईक. तो अल्बम त्या माणसांचा आहे.

आदिम_रस

'डायनर कॉफी'वर एक गाणं आहे, 'ग्रीफ अँड अ हेडहंटर्स रेज'. या नावापाशी कुणी थांबलेलं दिसलं नाही. मी मानववंशशास्त्र शिकवतो, त्यामुळे मला थांबणं भाग होतं.

हे रेनाटो रोझाल्डो या मानववंशशास्त्रज्ञाच्या निबंधाचं शीर्षक आहे, त्यांच्या १९८९ च्या पुस्तकातल्या. रोझाल्डो आणि त्यांच्या पत्नी मिशेल फिलिपाइन्समध्ये इलोंगोट लोकांत राहून काम करत. इलोंगोट पुरुष पूर्वी नरमुंड शिकार करत. का, असं विचारलं की म्हातारी माणसं एकच उत्तर देत : दुःखातून संताप उठतो, आणि तो कुठेतरी टाकायला लागतो. रोझाल्डोंना ते उत्तर फार उथळ वाटायचं. काहीतरी सखोल सामाजिक कारण असणार म्हणून ते वर्षानुवर्षं शोधत राहिले. १९८१ मध्ये क्षेत्रकार्य चालू असताना मिशेल कड्यावरून पडून गेल्या. रोझाल्डो लिहितात की त्यांचा मृतदेह पाहिल्यावर त्यांना संताप आला, आणि तेव्हा इलोंगोट लोक काय सांगत होते ते कळलं. त्यांनी सांगितलं होतं ते जसंच्या तसं खरं होतं.

मी हा निबंध दर वर्षी वर्गात वाचायला देतो. तो नीट कळायला मुलांना वेळ लागतो, काहींना सुदैवाने कळतच नाही. आणि इथे एका मेटल बँडने तो उचलला आहे. आता अनघड यांच्या मूळ प्रश्नाबद्दल : ब्लॅक मेटलला लोक द्वेषाचं संगीत म्हणतात. दुःखातून उठणारा आणि कुठेच टाकता न येणारा संताप, असं म्हटलं तर या भावांचे सगळे अल्बम एका सूत्रात बसतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

रेवा_डहाणूकर

आणि सर, त्यानंतर काय झालं बघा. 'डायनर कॉफी' सप्टेंबर २०२२ चा. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांचा कीबोर्डवाला साथीदार एरिक लिव्हिंगस्टन गेला. 'वायडा ब्लू' त्याच्या जाण्यातून आला आहे. दार उघडून जे आत आले त्यांतला एक जण असा गेला.

आदिम_रस

हे मला ठाऊक नव्हतं. आज पूर्ण अल्बम ऐकतो.

क्रिकेटवेडा_नारायणपेठ

अखेर माझा प्रांत आला! वायडा ब्लू कोण ते मी सांगतो, कारण बेसबॉल हा माझा दुसरा धर्म.

वायडा ब्लू हा सॅन फ्रान्सिस्कोशेजारच्या ओकलंडच्या ए'ज संघाचा डावखुरा पिचर. पिचर म्हणजे आपला गोलंदाज, फक्त सामना बहुतांशी त्याच्याच खांद्यावर. १९७१ मध्ये, ऐन बावीस वर्षांचा होता, २४ विजय, ३०१ स्ट्राइकआउट (फलंदाजाला चेंडू लागू न देता बाद करणं). त्या एकाच वर्षी लीगचा सर्वोत्तम पिचर आणि सर्वोत्तम खेळाडू, दोन्ही मान. पुढे १९७२, ७३, ७४ अशी लागोपाठ तीन वर्षं संघाने वर्ल्ड सीरिज, म्हणजे अमेरिकेचं अजिंक्यपद, जिंकली. ६ मे २०२३ ला तो गेला. म्हणजे लिव्हिंगस्टननंतर सुमारे दोन महिन्यांनी.

आणि संघाचं काय झालं? ए'ज १९६८ पासून ओकलंडमध्ये होते. मालकाने लास व्हेगसला न्यायचं ठरवलं. शेवटचा घरचा सामना २६ सप्टेंबर २०२४ ला झाला. त्याआधी बास्केटबॉलचा वॉरियर्स संघ २०१९ ला खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेला, अमेरिकन फुटबॉलचा रेडर्स २०२० ला लास व्हेगसला. पाच वर्षांत एका शहराचे तिन्ही संघ गेले. अल्बम आला ऑगस्ट २०२४ ला, शेवटच्या सामन्याच्या तोंडावर. त्या भागातल्या भावांसाठी मित्र, तिथला खेळाडू आणि संघ, तिन्ही एकदम. मी काही मेटलवाला नाही, पण हे मला कुणी समजावून सांगायला नको.

आता ती गोष्ट, जी वरच्या नावांच्या वादासाठी राखून ठेवली होती. १९७१ ला ब्लूची हवा झाली तेव्हा मालक चार्ली फिनली त्याला म्हणाला, तुझं पहिलं नाव कायद्याने बदलून 'ट्रू' करून घे, दोन हजार डॉलर देतो. ट्रू ब्लू, तिकिटं खपतील. ब्लूने साफ नकार दिला. वायडा हे त्याच्या वडिलांचं नाव होतं, आणि वडील तो शाळेत असतानाच गेले होते.

ओवीबद्ध

क्रिकेटवेडा, तुम्ही फार मोठी गोष्ट आणून ठेवलीत.

म्हणजे स्वतःची नावं कधीच न सांगणाऱ्या दोन भावांनी, आपलं नाव विकायला नकार दिलेल्या माणसाचं पूर्ण नाव अल्बमवर घातलं. माझा वरचा आक्षेप पुरता गेला नाही, पण तो आता पहिल्याइतका सरळ राहिला नाही.

खडकमाळ

मी काल रात्री 'वायडा ब्लू' शांतपणे ऐकला, दिवे घालवून, इतक्या सगळ्यांनी लिहिलं म्हणून. माझं मत कायम आहे : हे ब्लॅक मेटल नाही. ब्लॅक मेटल थंड असतं. यात ऊब आहे. गिटार कुठे कुठे रडते, त्या आमच्या नॉर्वेवाल्यांनी ती कधी रडू दिली नसती. चांगला आहे. दोनदा ऐकला.

अनघड

काका, 'दोनदा ऐकला' मी फ्रेम करून लावणार.

नादखुळा

मूळ धाग्यातला दुसरा प्रश्न सगळे विसरले. ताईला काय ऐकवायचं?

रेवा_डहाणूकर

शास्त्रीय ऐकणाऱ्या माणसाला सुरुवातीचे अल्बम देऊ नका, तिथे आवाजाचा पोतच आड येईल. विलंबित ऐकायची सवय असलेल्याला 'वायडा ब्लू' जमेल, कारण तिथे गाणं घाई करत नाही, एकेक वाद्य जागा घेत येतं. आवाज कमी ठेवा, चांगल्या स्पीकरवर, फोनवर नको.

स्वप्ना_सहकारनगर

मी 'कम अँड सी' म्हणेन, पण आधी कॅब्रिनी-ग्रीनची माहिती द्या आणि मग लावा.

मुळाकाठ

आधी जात्यावरच्या ओव्या, मग 'कुर्डाइचा'. ओवीबद्ध यांनी केलं तसं.

बाणेरकर_७

सवाईला तीन-तीन तास भारतीय बैठकीत बसणारी बाई आहे ती, काहीही सोसेल. मला नाही जमलं.

अनघड

ताई काल आली होती. 'वायडा ब्लू' लावला. पहिल्या गाण्यात आवाज सुरू झाल्यावर कपाळाला आठी घातली, पण उठली नाही. सगळं संपल्यावर तिने दोन गोष्टी विचारल्या. एक, हा माणूस सुरात येऊ शकतो पण येत नाही, हे मुद्दाम ना? मी म्हटलं हो. दुसरी, कुणी गेलंय का यांचं? मी तोपर्यंत तिला लिव्हिंगस्टनबद्दल काहीही सांगितलेलं नव्हतं.

पुन्हा ऐकणार का म्हटल्यावर म्हणाली, "इतक्यात नाही. पण लिंक पाठवून ठेव."

रेवाताईंनी व्यक्तिगत निरोप पाठवून सुचवलंय की त्यांच्या स्टुडिओत एकदा सगळे मिळून ऐकू या. पुढचा रविवार, संध्याकाळी पाच, डहाणूकर कॉलनी. जागा दहा जणांची आहे. कोण कोण येतंय?

क्रिकेटवेडा_नारायणपेठ

मी आहे. ए'जची टोपी घालून येणार.

ओवीबद्ध

येते. जात्याची दोन-तीन ध्वनिमुद्रणं पेन ड्राइव्हवर आणू का? कुणाची हरकत नसेल तर त्यांनी सुरुवात करू.

रेवा_डहाणूकर

नक्की आणा. त्या आवाजासाठी मी मोठे स्पीकर जोडून ठेवते.

बाणेरकर_७

ओव्यांना येतो. पुढचं बघू.

खडकमाळ

येतो. पण 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'ची ती कॅसेट घेऊन येणार, आणि ती पण वाजली पाहिजे. रेवा, तुमच्याकडे कॅसेट डेक चालू अवस्थेत आहे का?

रेवा_डहाणूकर

आहे, काका. हेड साफ करून ठेवते.